एका दिवसाची पूजा, वीस वर्षांचा सांभाळ

श्रावणातील पहिल्या सरी अंगणात स्थिरावतात न स्थिरावतात तोच शुद्ध पंचमी येते आणि घराघरांतील पाटावर नाग उमटतो. कोठे तो चंदनाचा असतो, कोठे हळदीचा, कोठे कुंभाराकडून आणलेल्या मातीचा. त्याच्यापुढे लाह्या आणि दूध ठेवले जाते, पुरणाची दिंडे वाफेवर शिजतात, माहेरवाशिणी झोक्यावर बसतात आणि नागोबाला भाऊ मानून त्याचे क्षेम चिंतितात. त्या दिवशी चुलीवर तवा चढत नाही, विळीवर काही चिरले जात नाही, शिवारात नांगर फिरत नाही. वर्षातील एवढा एकच दिवस असा, की ज्या दिवशी आपण एका सरपटणाऱ्या जिवासाठी आपले हात आवरून धरतो.

या सणाविषयी दरवर्षी दोन तऱ्हांचे लेखन वाचावयास मिळते. एक पक्ष ही सारी अंधश्रद्धा आहे असे सांगून मोकळा होतो. दुसरा पक्ष आपल्या पूर्वजांना निसर्गाचे सारे मर्म कसे उमगले होते हे सांगून कृतार्थ होतो. आम्हांला आज यांपैकी कोणताच सूर लावावयाचा नाही. आम्हांला सांगावयाचे आहे ते पाटावरच्या नागाविषयी नसून, काचेच्या पेटीत घरी आणून ठेवलेल्या जिवंत सर्पाविषयी आहे. कारण गेल्या काही वर्षांत आपल्या शहरांतून हा एक नवाच छंद रुजला आहे, आणि त्याची जुन्या श्रद्धेशी गाठ पडली की काय होते, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

एका घरातील पंचमी

पुण्यातील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात नातवाने दक्षिण अमेरिकेतील एक वृक्षवासी बोआ पाळला होता. इंग्रजीत त्याला ‘एमराल्ड ट्री बोआ’ म्हणतात. पाचूसारखा हिरवा रंग, पाठीवर पांढऱ्या रेघा, आणि आडव्या फांदीवर वेटोळी घालून मधोमध डोके टेकवून बसण्याची त्याची ती ध्यानस्थ मुद्रा! पाहणाऱ्याचे भान हरपावे असेच ते रूप होते. मुलाने त्याच्यासाठी बरेच वाचन केले होते, पेटीही नीट उभारली होती. पण पंचमीच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरले आणि घरात साक्षात नागोबा असताना पाटावरच्या चित्राची पूजा कशाला, असे कोणाच्या तरी मनात आले.

“आजी, तो कालच रात्री जेवला आहे, त्याला हलवू नये,” असे मुलाने सांगून पाहिले. “अरे, सणाच्या दिवशी देवाला उपाशी का ठेवायचे? चमचाभर दूध तर घेईल!” असे आजींनी प्रेमानेच उत्तर दिले. मग त्याला फांदीवरून सोडवून ताम्हणात ठेवण्यात आले. हळद-कुंकू वाहिले गेले, तोंडाशी दुधाचा चमचा नेला गेला, लहानथोरांनी हात लावून नमस्कार केला. तिसऱ्या दिवशी त्याने गिळलेला उंदीर अर्धवट पचलेल्या स्थितीत ओकून टाकला. पोट रिकामे झाले, भुकेला असेल, म्हणून मुलाने दुसऱ्याच दिवशी त्याला पुन्हा खाऊ घातले; तेही बाहेर आले. नवरात्राचे घट बसण्यापूर्वी तो सर्प मेला.

या प्रसंगात कोणाचाही हेतू वाईट नव्हता, हेच त्यातील दुःख आहे. आजींनी नंतर आम्हांला विचारले, “त्याला काय हवे होते, ते आम्हांला आधी कोणी धड सांगितले का नाही?” या प्रश्नाला उत्तर देणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

त्याला काय हवे असते?

सर्पाच्या सांभाळाचे पहिले सूत्र असे की, तो ज्या ठिकाणचा आहे त्या ठिकाणाची ओळख करून घ्यावी. आपला नाग बिळात आणि वारुळात आसरा घेतो. आपले मांडूळ भुसभुशीत मातीत दडते. हा बोआ मात्र ॲमेझॉनच्या खोऱ्यात आणि गियाना, सुरिनामच्या पावसाळी अरण्यांत झाडांवर जगतो. दिवसभर वेटोळे घालून बसावे, अंधार पडला की डोके खाली सोडून भक्ष्याची वाट पाहावी, हा त्याचा जीवनक्रम. म्हणून त्याच्या पेटीत जमिनीपेक्षा फांद्यांना महत्त्व. त्याच्या अंगाएवढ्या जाडीच्या, पक्क्या बसविलेल्या आडव्या फांद्या निरनिराळ्या उंचीवर हव्यात. पाच-सहा फूट वाढणाऱ्या या सर्पाला निदान तीन फूट लांब, दोन फूट खोल आणि दोन-तीन फूट उंच जागा लागते. आडोशाला पानांची दाटी हवी. उघड्यावर सर्व बाजूंनी माणसे दिसत राहिली तर त्याचा जीव सतत धास्तावलेला राहतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. सर्पाच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब तयार होत नाही; ती त्याला बाहेरून घ्यावी लागते, आणि अन्नाचे पचन तिच्यावरच अवलंबून असते. या जातीला दिवसा २६ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. पेटीच्या एका बाजूला तीसपर्यंत ऊब असावी, दुसरी बाजू त्याहून थंड असावी, म्हणजे आपल्या गरजेप्रमाणे तो जागा बदलू शकतो. रात्री पारा दोन-तीन अंशांनी उतरला तर चालते. पुण्याच्या थंडीत पहाटे पारा दहाच्या आसपास येतो आणि मध्येच वीज जाते, तेव्हा काय करावयाचे याचा विचार सर्प आणण्यापूर्वी करावा, आणल्यानंतर नव्हे. ऊब देणारे उपकरण नियंत्रकावाचून कधी लावू नये. सर्प तापलेल्या वस्तूला चिकटून भाजतो, तरी अनेकदा वेळीच दूर होत नाही.

तिसरी गोष्ट ओलाव्याची. हवेत सत्तर-ऐंशी टक्के दमटपणा हवा, पण पेटी कोंदट नको. संध्याकाळी पाण्याचा बारीक फवारा मारावा, सकाळपर्यंत पाने सुकू द्यावीत. अंगावरच्या वेटोळ्यांत साचलेले पाण्याचे थेंब हा सर्प पितो. शिवाय स्वच्छ पाण्याचे भांडे नेहमी असावेच. ओलावा कमी पडला तर कात एकसंध निघत नाही, तुकड्यातुकड्यांनी अडकते. कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ होतात; तेव्हा त्याला नीट दिसत नसते, म्हणून त्या दिवसांत त्याला मुळीच छेडू नये.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहाराची. हा प्राणी फार मंद गतीने पचवितो. पूर्ण वाढ झालेल्या सर्पाला तीन-चार आठवड्यांतून एकदा एक उंदीर पुरतो, आणि तो उंदीर सर्पाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाहून मोठा नसावा. जिवंत उंदीर सोडू नये, कारण तो सर्पालाच चावून जखमी करतो. गोठविलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून, लांब चिमट्याने रात्री द्यावा. या सर्पाच्या ओठांच्या खवल्यांत उष्णता जाणणाऱ्या खळ्या असतात. अंधारात तो ऊब हेरूनच झडप घालतो. म्हणून हात पुढे करण्याची चूक करू नये. विष नसले तरी त्याचे पुढचे दात लांब आणि खोल रुतणारे असतात. जेवणानंतर कित्येक दिवस त्याला हात लावावयाचा नाही. त्यातूनही त्याने अन्न ओकलेच, तर घाईने पुन्हा भरविणे हा घात ठरतो. निदान तीन-चार आठवडे पोटाला विश्रांती द्यावी, मग नेहमीपेक्षा लहान भक्ष्य द्यावे, आणि तरीही ओकला तर सर्पांची माहिती असलेल्या पशुवैद्यास दाखवावे. त्या पुण्याच्या घरी चुकले ते नेमके येथे. अन्न पोटात असताना हाताळले, आणि ओकल्यावर धीर धरला नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतील. विष्ठा दिसताच काढावी. सर्पाला किंवा पेटीला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला नावाचे रोगजंतू माणसाला बाधू शकतात. लहान मुलांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी. आणि शेवटी, हा छंद एखाद्या मोसमाचा नाही. नीट राखलेला वृक्षवासी बोआ पंधरा-वीस वर्षे जगतो. आज सोळा वर्षांचा असलेला मुलगा छत्तिशीला येईपर्यंत हे व्रत चालवावे लागते. शिक्षणासाठी परगावी जाताना, नोकरी बदलताना, लग्न होताना, त्याच्यामागे ते कोण चालविणार, हे ज्याने आधी ठरविले नाही, त्याने या वाटेला जाऊच नये.

दूध, हळद आणि पुंगी

वाचक म्हणतील, हे सारे परदेशी सर्पाचे झाले. आमच्या नागोबाचे काय? आम्ही म्हणतो, नियम तेच आहेत. नाग दूध पिणारा प्राणी नाही. गारुड्याच्या टोपलीत अनेक दिवस तहानलेला ठेवलेला नाग समोर येईल ते द्रव पितो; त्यात दुधाची आवड नसते, तहानेची तडफड असते. बळेच पाजलेले दूध त्याच्या श्वासमार्गात जाते आणि जीव घेते. सर्पाला पापणी नसते; डोळ्यावर असतो तो पारदर्शक खवला. त्यावर आपण हळद-कुंकू उधळतो तेव्हा तो डोळा मिटूदेखील शकत नाही. पुंगीच्या सुरांवर तो डोलतो असे आपण समजतो. वस्तुतः त्याला बाहेरचा कान नाही, आणि तो लक्ष ठेवतो ते पुंगीच्या हालचालीवर. पंचमीसाठी पकडलेल्या नागांचे दात उपटणे, विषग्रंथी इजा करून निकामी करणे, तोंड शिवणे हे प्रकार आपल्या देशात घडत आले आहेत. भाऊ म्हणून ज्याला ओवाळावयाचे, त्याची ही दशा!

हाफकिन संस्थेत सर्पविषाचा अभ्यास केलेले डॉ. पी. जे. देवरस यांनी १९६५ साली ‘स्नेक्स ऑफ इंडिया’ हे पुस्तक लिहून सर्पांविषयीचे अनेक गैरसमज दूर करण्याचा प्रयत्न केला. त्याला साठ वर्षे होऊन गेली. तेव्हा ज्ञान उपलब्ध नव्हते, असे आता कोणी म्हणू शकणार नाही.

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याचे उदाहरण येथे दिल्यावाचून राहवत नाही. तेथील जिवंत नागांची पंचमी सर्वदूर प्रसिद्ध होती. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. पुढे हे प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या मिरवणुकीला लगाम बसला. तेव्हापासून तेथे प्रतिमेची पूजा होऊ लागली. २०२५ साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने लोकशिक्षणाच्या हेतूने नाग पकडण्यास मर्यादित परवानगी दिली, पण त्यांच्या खेळास वा मिरवणुकीस नव्हे. शिराळकरांची आपल्या परंपरेवरची माया आम्ही समजू शकतो. तेथील लोक नागाला हाताळण्यात वाकबगार होते आणि सणानंतर त्याला पुन्हा रानात सोडत, हेही खरे. तरीसुद्धा, पकडून आणून मडक्यात ठेवलेला प्राणी आपल्या उत्सवात स्वतःच्या इच्छेने सामील झालेला नसतो, ही गोष्ट कोणत्याही परंपरेने बदलत नाही.

मांडूळ आणि कायदा

बोआ हा केवळ अमेरिकेचा प्राणी आहे अशी कोणाची समजूत असेल तर ती दुरुस्त करावयास हवी. आपल्या शेतातील मांडूळ आणि दुरक्या घोणस हे त्याचेच आप्त. तेही अंडी घालीत नाहीत, पिलांनाच जन्म देतात. मांडुळाची शेपटी आखूड आणि बोथट असते, म्हणून त्याला दुतोंडे म्हणतात. त्यापायी गुप्तधनाच्या आणि पैशाच्या पावसाच्या खुळचट कल्पना त्याला चिकटल्या आणि त्याची चोरटी विक्री सुरू झाली. उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य राखणारा हा निरुपद्रवी जीव लोभी माणसाच्या पोत्यात कोंडला जातो. आपल्या बांधावरचा बोआ असा मारावयाचा आणि सातासमुद्रापलीकडचा बोआ काचेत सजवावयाचा, ही विसंगती आम्हांला अस्वस्थ करते.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. नाग, धामण, अजगर, मांडूळ असे आपल्याकडील सर्प पकडणे किंवा घरी ठेवणे गुन्हा आहे. परदेशी सर्पांच्या बाबतीत पूर्वी बरीच मोकळीक होती. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने असे प्राणी बाळगणाऱ्यांना ते स्वेच्छेने जाहीर करण्याचे आवाहन केले. २०२२ साली मूळ कायद्यात दुरुस्ती होऊन आंतरराष्ट्रीय करारातील प्राण्यांची वेगळी अनुसूची जोडण्यात आली. आणि २०२४ च्या नियमांनी अशा प्राण्यांची ‘परिवेश’ या सरकारी व्यवस्थेवर नोंदणी बंधनकारक झाली. बोआ कुळातील सर्प या करारात येतात. तेव्हा ज्याच्याकडे कागद नाहीत त्याच्याकडून सर्प घेणे म्हणजे चोरट्या व्यापाराला खतपाणी घालणे होय. आणि कंटाळा आला म्हणून त्याला सह्याद्रीत सोडून देणे हे तर त्याहूनही मोठे पाप. तो थंडीने मरेल, नाहीतर आपल्यासोबतचे रोग आणि परजीवी येथल्या सर्पांना देऊन जाईल. सांभाळणे अशक्य झाले तर वनखात्याला कळवावे. त्यात कमीपणा नाही.

धर्म कशात आहे?

काही तरुण मित्र आम्हांला विचारतील, मग आम्ही सर्पांवर प्रेमच करू नये काय? अवश्य करावे. ज्या मुलाने त्या बोआसाठी ओलाव्याची नोंद रोज वहीत केली, त्याचे सर्पप्रेम आम्ही खोटे मानीत नाही. पण प्रेमाची परीक्षा जवळ ठेवण्यात नसून गरज ओळखण्यात असते. आमचे स्पष्ट मत असे की, अरण्यातील सर्पाला घरी न आणणे हाच त्याचा उत्तम सांभाळ होय. ज्यांनी आधीच आणला आहे, त्यांनी वर सांगितलेले व्रत अखेरपर्यंत चालवावे; ज्यांनी आणला नाही, त्यांनी सर्पमित्रांकडून रानातला सर्प ओळखावयास शिकावे, वारुळ खणू देऊ नये, आणि शेजारी धामण निघाली तर काठी उचलणाऱ्याचा हात धरावा. आपल्या देशात सर्पदंशाने दरवर्षी सुमारे अठ्ठावन्न हजार माणसे दगावतात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ही भीती खोटी नाही. म्हणूनच ओळख आणि अंतर या दोन गोष्टी माणसाला आणि सर्पाला, दोघांनाही तारतात.

दुसरा आक्षेप श्रद्धाळूंचा येईल. आमच्या देवाला हात लावावयाचा नाही, तर सण कसला? त्यांना आम्ही त्यांच्याच पोथीतील दाखले देऊ. जनमेजयाच्या सर्पसत्रात सर्प आगीत पडू लागले तेव्हा आस्तिकाने राजाकडे वर मागितला तो सत्र थांबविण्याचा. एकही सर्प त्याने आपल्या आश्रमात नेला नाही. कालिया यमुनेच्या डोहात माजला तेव्हा श्रीकृष्णाने त्याला मारले नाही, टोपलीतही घातले नाही. जेथून आला तेथे त्याला परत पाठविले. आणि पंचमीच्या कहाणीत सारा अनर्थ घडतो तो नांगराच्या फाळाने नागाची पिले चिरडली गेल्यामुळे. या सर्व कथांतून एकच शिकवण निघते. सर्पाला त्याची जागा द्यावी आणि आपण आपला हात आवरावा. ज्या सणाने तवा, विळी आणि नांगर यांना एक दिवस विसावा दिला, त्या सणाच्या अंगातच हा संयम आहे. आम्ही नवे काही सांगत नाही. जुनेच नीट वाचून दाखवीत आहोत.

त्या पुण्याच्या घरी आता काचेची पेटी रिकामी आहे. आजींनी पुढच्या पंचमीला पाटावर चंदनाचा नाग स्वतः काढला आणि नातवाने त्याच्यापुढे लाह्या ठेवल्या. दुधाची वाटी होती, ती पूजेनंतर घरातील मुलांना वाटली गेली. नमस्कार करून उठताना आजी म्हणाल्या, “हा कोणाला त्रास देत नाही, आणि आपणही याला देत नाही.” आजच्या पंचमीचा नैवेद्य म्हणून एवढे शब्द आम्हांला पुरेसे वाटतात. ज्यांच्या घरी जिवंत सर्प आहे, त्यांनी आज त्याच्या पेटीचे दार उघडू नये. पाण्याचे भांडे भरलेले आहे ना, एवढे पाहावे आणि दिवा मालवून बाजूला व्हावे. त्याची खरी पूजा तीच.